तेवढेच टाके

भोरला आमच्या ओसरीवर मी विणकामाचे नमुने लिहायला शिकवते. विणायला नव्हे, लिहायला. सुरेख विणणाऱ्या बायका ढिगाने सापडतात. पण केलेलं काम दुसरीला कळेल असं कागदावर उतरवा म्हटलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते. ‘इथं अंदाजाने टाके वाढवा,’ असं लिहून आणतात. अंदाज कुणाचा? मी जन्मभर गणित शिकवलं, मला त्या शब्दाचाच राग आहे. माझी कसोटी सरळ आहे. लिहिणारीने गप्प बसायचं आणि दुसरीने नुसत्या कागदावरून विणायचं. वस्तू हुबेहूब आली तर नमुना खरा.

मार्गासनीची धनश्री ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. पोटुशी होती तरी एसटीने यायची, आणि जागा मिळाली तर वाटेतही विणायची. तिने तान्ह्या बाळाच्या स्वेटरचा नमुना लिहिला होता. गळ्यापासून सुरुवात, तिथून खाली अंग आणि बाह्या, कुठेही शिवण नाही. वाचताना मी मनात म्हटलं, बाई गं, हे मला सात जन्मात सुचलं नसतं.

आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याचं नवं काही करत नाहीत. पाचवीपर्यंत त्याला जुनेरातच गुंडाळतात. धनश्रीने मात्र नमुना जमला का ते बघायला म्हणून स्वेटर विणून पुरा केला. सासूबाईंनी तो पाहिला आणि घरात बरीच बोलाचाली झाली.

बाळ जन्मलं ते रडलंच नाही. मुलगा होता.

महिनाभराने ती आली आणि ओसरीच्या कडेला बसली. “माज्याच हातानं झालं, बाई.”

मी रागावले. लोकरीने कुणी मरत नाही, असं तिला ठणकावून सांगितलं. तिने मान हलवली आणि नमुन्याचा कागद पुढे केला. “येवढा खरा हाय का, ते तरी बघा.”

पुढच्या थंडीत शिवऱ्याच्या शेफालीने तो विणला. स्वेटर वर्षाच्या मुलाला बसेल एवढा झाला. शेफालीचा हात सैल आहे, मी म्हटलं. मग मोजून पाहिलं. टाके लिहिले होते तेवढेच, ओळीही तेवढ्याच. लोकर आणि सुया मीच दिल्या होत्या.

त्यापुढच्या थंडीत उत्रोलीच्या साळूबाईंना दिला. त्यांची वीण इतकी घट्ट की त्यातून सुई काढताना बोटं दुखतात. त्यांचा स्वेटर दोन वर्षांच्या पोराचा झाला. टाके तेवढेच होते.

धनश्रीने दोन्ही स्वेटर मागून घेतले. साळूबाईंचा मांडीवर पसरून तिने बाहीला वीत लावली. “व्हय,” ती म्हणाली, “येवढाच आसंल आता.” तिच्या आवाजात भीती नव्हती. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

या थंडीत मी स्वतः विणायला बसले. प्रत्येक ओळीला पट्टी लावली. सुईवर होता तोवर स्वेटर तान्ह्या बाळाचाच होता. शेवटचा टाका बंद केला, भर दुपारी अंगणातल्या बाजेवर तो पसरला आणि पाणी प्यायला आत गेले.

परत आले तर बाजेवर तीन वर्षांच्या मुलाचा स्वेटर होता.

मी घाबरले. आणि खरं सांगते, त्या भीतीतही मला तिचं कौतुक वाटलं. असा नमुना कुणाला लिहिता येईल? पण तो माझ्या कसोटीला उतरला नव्हता, आणि तसा नमुना मी कुणाच्या हाती देत नाही. धनश्री आली तेव्हा मी तिला ते सांगितलं.

“हा इथंच थांबवू या, धनश्री. मी उसवते.”

“बाई, त्यो वाडतोय की वो. थांबला तर मग माज्याकडं काय ऱ्हायलं?”

तिचं भलं त्यातच आहे असं मला वाटलं. मी मनगटाकडचं टोक सोडवलं आणि ओढलं. वीण सरसर सुटत कोपरापर्यंत आली.

धनश्री ओरडली नाही. हळूच म्हणाली, “नगा उसवू, बाई. त्याला थंडी वाजंल.”

मी बाहीत बोटं घातली. आम्ही भर उन्हात बसलो होतो. बाही आतून गार होती.

मी सुया घेतल्या. सुटलेले टाके एकेक करून उचलले. धनश्री तिचा नमुना वाचत गेली, मी विणत गेले. सुलट, उलट, सुलट.

मनगटाशी शेवटचा टाका बंद केला. बाही तळहातावर सरळ धरली.

काखेकडून ऊब उतरू लागली. कोपराशी आली. मनगटाशी आली.

आणि बाहीच्या काठातून बाहेर येऊन माझ्या तळहातावर टेकली.