आधी जेवायला या

नरडाणा स्टेशनच्या फलाटावर माझी पिशवी फाटली आणि माझ्या वडिलांनी, आबांनी यावलहून पाठवलेली भरताची वांगी वाट फुटेल तिकडे पळत सुटली. डिसेंबरची सकाळ. थंडी अशी की आपलीच बोटं आपली वाटत नव्हती. मला उतरवून सुरतेकडची पॅसेंजर केव्हाच निघून गेली होती. मी वाकून वांगी गोळा करत, पिशवी विकणाऱ्या दुकानदाराचा उद्धार करत होते... आणि समोर एक हात आला. हातात एक हिरवंगार, गुबगुबीत वांगं.

"तुमचंच ना हे?"

"फलाटावर आणखी कुणाची वांगी सांडलेली दिसताहेत का तुम्हाला?"

तो हसला. वांगं त्याने देठाशी दोन बोटांत असं धरलं होतं, जणू ते चावेलबिवेल. म्हणाला, माफ करा, सवय नाही, आम्ही जैन, आमच्या घरात वांगं येत नाही. सवय नसताना त्याने बाकापासून नळापर्यंत पसरलेलं एकेक वांगं शोधून आणलं आणि आपल्या कापडी पिशवीत भरून ती माझ्यापुढे धरली.

"आणि पिशवी?" मी विचारलं.

"पुढच्या भेटीत द्या."

"पुढची भेट होणार हे कुणी ठरवलं?"

"पिशवी माझी आहे ना... होईलच."

असल्या आगाऊ माणसाला मी एरवी दोन शब्द सुनावले असते. पण त्याचे डोळे फार साधे होते आणि मला वर्गावर पोचायला उशीर होत होता.

मी मोहिनी. जळगावात एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते आणि लाल पेन हातात नसलं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंग कंपनीत काम करणाऱ्या बायकांचा बचत गट आहे. त्यांनी मला रविवारी शिकवायला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर नमस्कार-चमत्काराची वाक्यं लिहायला लागले तर पुष्पाबाईंनी मला थांबवलं. त्या गटाच्या अध्यक्ष, आवाज खणखणीत. म्हणाल्या, हे राहू द्या, आम्हाला पत्र लिहायला शिकवा.

कारण तसं होतं. महिन्यापूर्वी पुष्पाबाई कामावरच चक्कर येऊन पडल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, रक्त कमी. मग बाकीच्यांचं तपासलं, निम्म्या जणींचं कमीच. डॉक्टर म्हणाले, नीट जेवत जा. नीट कुठून जेवणार? दिवसाचं मुख्य जेवण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, आणि तिथलं ताट ठरायचं बंगळुरूच्या हेड ऑफिसात. रोज पांढरा भात, पातळ सांबार आणि एक गोड पाव. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या बायका त्या. अर्धं ताट टाकून उठायच्या आणि उपाशीपोटी यंत्रापुढे उभ्या राहायच्या. सुपरवायझरकडे तोंडी तक्रार केलेल्या दोघींना त्याने सरळ घरी बसवलं होतं. हेड ऑफिसला मराठी कळत नव्हतं. म्हणजे एकच पत्र, ते इंग्रजीत, आणि ते फसलं तर सही करणाऱ्या सगळ्याच घरी.

वांगी सांडली त्या रविवारी मी वर्गात शिरले तर शेवटच्या बाकावर फलाटावरचा तो.

"तुम्ही इथे?"

"शिकायला आलो. अखिल नाव माझं."

हा बायकांचा वर्ग आहे, मी म्हणाले. त्यावर पुष्पाबाई म्हणाल्या, "बसू द्या, ताई. गरीब शे बिचारा." आणि सगळ्या वर्गाने तोंडाला पदर लावला. त्यात हसण्यासारखं काय, ते मला कळेना. काय करता, असं विचारलं तर तो म्हणाला, जेवणाखाण्याचं बघतो. मला वाटलं, लग्नाकार्याचं केटरिंग असेल.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात नियम लिहिला. इंग्रजी अर्जात विषय आधी, बाकीचं नंतर. काय हवंय ते एका ओळीत सांगायचं. मग कारणं, मग मागणी, मग आभार. हे सोपं वाटतं, पण त्या बायकांच्या हाडात वेगळंच पत्र भिनलेलं. पहिल्या मसुद्यात साहेबांच्या तब्येतीची चौकशी होती, मुलाबाळांना आशीर्वाद होते, थंडीचं वर्णन होतं, आणि शेवटी काय, तर आमच्याकडे एकदा जेवायला या. मी लाल पेनाने सगळं कापलं.

"तक्रारीच्या पत्रात कुणी जेवणाचं आमंत्रण देतं का, पुष्पाबाई?"

"पोटनं गाऱ्हानं शे, ताई. मंग पहिले जेवाले बलावनं पडी ना."

मी ती ओळ पुन्हा एकदा, जरा जोरात कापली.

अखिलचं लिखाण मात्र मला आवडायचं. विषयापाशी यायला त्याला जन्म लागायचा, पण एखादं वाक्य असं असायचं की वाचतच राहावं. सांबाराबद्दल त्याने लिहिलं होतं की ते वाढलं तरी ताटाचा तळ दिसत राहतो. मी ते वर्गात वाचून दाखवलं आणि म्हटलं, शाब्बास, त्या कॅन्टीनवाल्याला समोर बसवून हेच सांबार पाजायला पाहिजे. वर्ग हसून लोळला. अखिलने मान खाली घालून माझं तेही वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मग दर रविवारी तो मला स्टेशनपर्यंत सोडायला यायला लागला. चहाच्या टपरीवर गरम ग्लास दोन्ही तळव्यांत धरून आम्ही गाडीची वाट बघायचो. पिशवी मी दर वेळी घरी विसरायचे आणि तो दर वेळी म्हणायचा, घाई नाही. बायका त्याला अखिलभाऊ म्हणायच्या. मीही म्हणून बघितलं एकदा, मनातल्या मनात... पण तो शब्द माझ्या ओठांवर यायला तयारच होईना.

पत्र पक्कं करायच्या आधी मी म्हटलं, जे डोळ्यांनी बघितलं नाही ते मी लिहू देणार नाही. पुष्पाबाई मला कॅन्टीन दाखवायला घेऊन गेल्या. रविवारीही पाळी चालू होती. बायका रांगेत उभ्या होत्या, आणि रांगेच्या टोकाला हातात सांबाराचा डाव घेऊन अखिल उभा होता.

डाव तसाच हवेत राहिला. माझ्या कानशिलापर्यंत ऊन चढल्यासारखं झालं.

"म्हणजे तुम्ही आमच्यावर नजर ठेवायला येत होता?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"नाही हो, मॅडम."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. पण तुम्ही सांबार पाजायचं म्हणालात... मग धीर झाला नाही."

मला हसू आलं ते मी दाबलं. तेव्हा तो पहिल्यांदा सलग बोलला. कॅन्टीनचं कंत्राट त्याच्या वडिलांचं, हस्तीमलजींचं. ते धुळ्याला असतात, इथे सगळं तोच बघतो. वरून आलेल्या तक्त्यातला एक पदार्थ बदलला तरी कंत्राट रद्द. त्याने स्वतः हेड ऑफिसला लिहून बघितलं होतं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पानंच्या पानं. कुणी वाचलंसुद्धा नसेल. म्हणून तो माझ्या वर्गात आला होता.

"आणि आता हे पत्र गेलं, त्यांनी खापर तुमच्यावरच फोडलं, तर?"

"तर कॅन्टीन जाईल. बाबा रोज फोनवर बजावतात, जपून राहा." त्याने कॅन्टीनच्या दाराकडे बघितलं. "पण रोज माझ्या हातचं ताट अर्धं परत येतं, मॅडम. वाढणाऱ्याला ते... नाही बघवत."

पुढच्या रविवारी पत्राला जोडायच्या सह्यांच्या कागदावर पहिली सही त्याने केली. ती बघून, तोवर घाबरून मागे राहिलेल्या दोघी-तिघीही पुढे आल्या. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो कागदाकडे. मला हा माणूस आवडतो, हे मला त्या सहीच्या वेळी अगदी स्वच्छ कळलं.

पत्र पुष्पाबाईंनी स्वतःच्या हाताने उतरवलं आणि सोमवारी पोस्टात टाकलं. त्याचा फोटो मला थेट पुढच्या रविवारी स्टेशनवर बघायला मिळाला, अखिलच्या फोनवर. विषय पहिल्या ओळीत. कारणं चोख. मागणी स्पष्ट. आणि आभाराच्या वर, मी दोनदा कापलेली ओळ, इंग्रजीत, ठळक अक्षरात. कृपया आधी आमच्याबरोबर जेवायला या, मग काय ते ठरवा.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि गप्प बसलात? हसतील ते आपल्याला. एवढ्या जणींची नोकरी पणाला लागली आहे त्या कागदावर."

"माझंही कॅन्टीन लागलंय की. मला ती ओळ आवडली, मॅडम."

मी सरळ गाडीत चढले. अमळनेर येईपर्यंत मी त्याच्यावर चिडले होते. पुढे जळगावपर्यंत मला फक्त भीती वाटत होती, बायकांसाठी आणि त्याच्यासाठी. नंतर कितीतरी दिवस उत्तर आलं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि फोन मात्र सारखा उलटासुलटा करून बघत होते.

मग एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. "मॅडम... हेड ऑफिसच्या राव मॅडम येताहेत. गुरुवारी. जेवायला."

मी क्लासला रजा टाकली आणि आबांकडून पुन्हा वांगी मागवली. गुरुवारी पहाटे कॅन्टीनच्या मागच्या अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ पेटला. धुरात डोळे चोळत अखिल वांगी भाजत होता. म्हणाला, खात नाही, पण बायकांच्या हौसेसाठी भाजायला काय हरकत आहे? कुटलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळं पुष्पाबाई सांगतील तसं त्याने कालवलं आणि लाकडी चमच्यावर घास घेऊन माझ्यासमोर धरला.

"मला चाखता येणार नाही. तुम्हीच सांगा."

मी घास घेतला. गरम, धुराचा वास लागलेलं, अगदी आमच्या शेतातल्यासारखं. तो माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता.

"मीठ?"

"थोडं हवंय."

"तिखट?"

"बरोबर... पण आणखी एकदा बघू द्या."

"दोनदा बघा," तो हळूच म्हणाला. सालं काढून त्याची बोटं लालबुंद झाली होती. मी ती धरून सरळ गार पाण्याच्या बादलीत बुडवली आणि हात सोडायचा विसरले. पलीकडे भाकरी थापणाऱ्या पुष्पाबाई खोकल्या, गरज नसताना.

राव मॅडम उंच, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या बायकांच्या रांगेत बाकावर बसल्या. सुपरवायझर हात बांधून मागे उभा. मी दुभाषाचं काम करायला पुढे सरसावले, तर पुष्पाबाईंनी मला हातानेच थोपवलं. त्यांनी आधी मॅडमपुढे तक्त्याप्रमाणे भात, सांबार आणि पाव असलेलं ताट ठेवलं.

"मॅडम, फर्स्ट धिस."

मॅडमनी चार घास खाल्ले, पाव मोडला, थोडा चघळला, आणि ताट हलकेच बाजूला सरकवलं. अर्धं ताट तसंच.

पुष्पाबाईंनी त्या ताटाकडे बोट दाखवलं.

"वी ऑल्सो, मॅडम. एव्हरी डे."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढं इंग्रजी मी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं.

मग ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आली, भरीत आलं, मेथी आली, वरण आलं. राव मॅडमनी बोटं चाटून खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. हात धुऊन त्या म्हणाल्या, माझ्या टेबलावर तक्रारींचा ढीग असतो, धमक्यांची पत्रं असतात, वकिलांची असतात. जेवायला बोलावणारं हे पहिलंच. म्हणून विमानाचं तिकीट काढलं. त्याच दिवशी त्यांनी तोंडी आणि लेखी दोन्ही सांगितलं. ताटात काय असावं ते या बायका आणि अखिल मिळून ठरवतील, कॅन्टीन अखिलकडेच राहील, आणि घरी बसवलेल्या दोघी उद्यापासून कामावर येतील. बायकांनी राव मॅडमना उरलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पुष्पाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी कान पकडले आणि त्यांनी मला कुशीत ओढलं.

संध्याकाळी अखिल स्टेशनवर आला. फलाटावर तोच नळ, तेच बाक. तो म्हणाला, थंडी वाढली. मग म्हणाला, यावलला तुमच्या केळीच्या बागेला बाधत असेल ही थंडी. मग म्हणाला, बाबांना फोन केला, खूश झाले. मग गाडीच्या वेळेविषयी काहीतरी.

"अखिल, विषय आधी," मी म्हणाले.

तो ताठ उभा राहिला, शर्टाची कॉलर नीट केली.

"विषय... मोहिनीशी लग्न करण्याबाबत."

लांबून गाडीचा दिवा दिसू लागला. माझ्या छातीत काय चाललं होतं ते त्या इंजिनालाही ऐकू गेलं असेल.

"आणि मजकूर?"

"मजकुरात अडचणी आहेत. मी जैन, तुम्ही पाटील. आमच्याकडे वांगं चालत नाही, तुमच्याकडे वांग्याशिवाय हिवाळा जात नाही. दोन्ही घरी बरंच ऐकावं लागेल. पण मागणी... मागणी तीच आहे."

गाडी आली, थांबली. मी चढले आणि दारात उभी राहिले. काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक होतं, आणि ते कुठल्या पद्धतीने द्यायचं हे मी नुकतीच पुष्पाबाईंकडून शिकले होते.

"रविवारी यावलला या. आबांना मी सगळं सांगून ठेवते."

"आणि उत्तर?"

"आधी जेवायला या. मग ठरवू," मी म्हणाले. "वरण-बट्टी करते. वांग्याचं नाव काढणार नाही."

तो तिथेच, सगळ्या फलाटादेखत, मोठ्याने हसला. गाडी हलली तशी दोन पावलं बरोबर चालत आला.

"माझी पिशवी परत घेऊन जाऊ का, त्या दिवशी?"

"नाही," मी दारातून ओरडून सांगितलं. "ती आता माझी आहे."