उगाच आनंदी माणूस

तो आला तोच हसत. चष्म्याच्या दुकानात माणसं कपाळाला आठ्या घालून येतात; हा लिफ्ट दुरुस्त करणारा मात्र, लिफ्टच्या दारात आपला चष्मा कसा चिरडला गेला, हे बक्षीस लागल्याच्या थाटात सांगत होता. तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, तपासणीची अवजड चौकट त्याच्या नाकावर चढवली आणि भिंग बदलून विचारलं, "आता जास्त स्पष्ट दिसतंय, की मघाशी?"

"मघाशी तुम्ही जरा लांब होतात... आता बरं दिसतंय."

"भिंतीवरच्या अक्षरांचं विचारतेय मी."

"भिंतीवर अक्षरंही आहेत का?"

तिनं ओठ घट्ट मिटले. हसू तिला सहजासहजी येत नसे. ती जन्माचीच गंभीर. घरात लाडानं तिला 'ढगोबा' म्हणत.

मग तो येतच राहिला. कधी काडी सैल झालेली, कधी नाकाला टोचतंय. काडी तो स्वतःच पिळून आणतो हे तिला पहिल्याच खेपेला कळलं होतं, पण ती गुपचूप सरळ करून देई. त्याच्या आनंदाचं तिला भारी नवल वाटे. पहाटे पोहणं, दिवसभर इमारती पालथ्या घालणं, संध्याकाळी कुणा मित्राच्या घराला रंग, आणि तरी डोळे टवटवीत. काही कारण नसताना माणूस इतका खूश असू शकतो? ती बघतच राही.

आणि तिथंच तिला भीती वाटे. ती लहान असताना तिचे बाबाही एकदा असेच खूश झाले होते. झोप नाही, थांबणं नाही, नुसती गाणी, उधळपट्टी आणि मोठमोठे बेत. मग कित्येक महिने ते अंथरुणातून उठले नाहीत. मनाच्या चढउताराचा तो आजार औषधांनी आटोक्यात आला, पण घराला एक खोड कायमची लागली : कुणी जास्त हसलं, की आधी त्याची झोप विचारायची. ती त्यालाही विचारू लागली. नीट झोपलात का? मध्येच काही मोठी खरेदी तर नाही ना केलीत? तो बिचारा विरघळूनच गेला. इतकी काळजी माझ्या आईनंही कधी केली नाही, म्हणाला, आणि लग्नाचं विचारून मोकळा झाला.

तेव्हा तिनं बाबांच्या आजाराचं आणि आपल्या भीतीचं सगळं सांगून टाकलं. त्यानं पहिल्यांदाच थट्टा केली नाही. एवढंच म्हणाला, "बाबांना भेटू?"

बाबा आणि तो गॅलरीत बसले; चहा निवून गेला तरी उठले नाहीत. बाबांनी खोदून खोदून विचारलं. शाळेत तो असाच होता, नोकरी गेली तेव्हाही असाच. बहीण त्याला पहिल्यापासून 'भिंगरी' म्हणते. आणि पाठ टेकली की घोरायला लागतो, हेही निघालं.

तो गेल्यावर बाबांनी तिला जवळ बसवलं. "मला ते चढलं होतं गं, तापासारखं. त्याआधीचा मी वेगळा होतो. ह्याचा हा स्वभावच आहे."

"पण अशा स्वभावाच्या माणसांना तो आजार..."

"होऊ शकतो. इतरांपेक्षा थोडा जास्त धोका, असं माझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात. तुझ्यासारख्या ढगाळ माणसांना उदासीचा आजार होऊ शकतो, तसंच. म्हणून तुला मी कधी आजारी म्हटलंय का?"

इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या मनावर पहारा देत होती, आणि आपल्याही मनाला जन्मापासूनचा एक रंग आहे, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि त्याचा तो आनंद... ज्याला ती इतकी घाबरली, तो उन्हासारखा आपोआप पडत होता. असंही एखादं माणूस जन्माला येतं, याचं तिला नव्यानं नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या कामावर गेली. लिफ्टच्या उघड्या दारात तो तेलकट हातांनी उभा होता.

"कधी वेगळं वाटलं... खूप वर, किंवा खूप खाली, तर मला सांगशील?"

"सगळ्यात आधी तुला. आणि तुला वाटलं तर?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"मीही सांगेन," ती म्हणाली. "आता ते लग्नाचं परत विचार."

त्यानं हात पुसायला फडकं शोधलं, सापडेना. मग तसंच विचारलं. तिनं ते तेलकट हात आपल्या हातांत घेतले आणि हो म्हणाली.