मंगळवारची घरभेट

प्रमिलाच्या कामात एक प्रश्न वर्ज्य होता. नर्सबाई येतात का? कोणत्याही गावात हा प्रश्न विचारला तरी उत्तर हो असंच यायचं. सरकारी माणसासमोर नाही म्हटलं तर आपल्या बाईच्या नोकरीवर येईल, एवढं शहाणपण प्रत्येक गावाकडे असतं. म्हणून ती आडून विचारायची. बाई आल्या तेव्हा कुठं बसल्या, काय घेतलं, कोणाशी बोलल्या? खोटं बोलणारा माणूस बाईंना हमखास खाटेवर बसवतो आणि चहा पाजतो.

साल अठ्ठ्याण्णव होतं. एड्सच्या कार्यक्रमाची देशभर तपासणी चालली होती. हैदराबादहून आलेल्या पथकात मराठी बोलणारी प्रमिला एकटीच, म्हणून आदिलाबाद जिल्ह्यातली बेल्याकडची मराठी गावं तिच्या वाट्याला आली. त्यात पिंपळझरी होतं. ते तिला टाळता आलं असतं. तिनं टाळलं नाही.

पिंपळझरीची नर्सबाई म्हणजे मथुराबाई, प्रमिलाची आई. मागच्या पौषात तापाचं निमित्त होऊन ती गेली. आता कार्तिक चालू होता, आणि आदिलाबादला दर महिन्याला पोचणाऱ्या आकड्यांत पिंपळझरीच्या घरभेटी एकदाही चुकल्या नव्हत्या. भेटी होताहेत म्हटल्यावर तिथं नवी नर्स द्यायची घाई कोणालाच नव्हती. कोणीतरी मेलेल्या बाईच्या नावावर काम दाखवत होतं, आणि तो माणूस प्रमिलाला शोधायचा होता.

कापसाची वेचणी जोरात होती. दुपारच्या वेळी गाव ओस पडलेलं. बाभळीच्या काट्यांना गाडीतून उडालेला कापूस लटकत होता. एका ओट्यावर चंपतराव नावाचे म्हातारे गृहस्थ कापसातला कचरा निवडत बसले होते. तिनं आपण कशासाठी आलो ते सांगितलं.

“आमची तपासनी काऊन करून राह्यल्या ताई? आमी का चोऱ्या केल्या?”

“तुमची नाही, काका. आमच्याच कामाची. इथल्या भेटींचा आकडा वर कोण कळवतं?”

“थो दवाखान्याचा फटफटीवाला येते महिन्याले. गाडीवरून उतरत बी नाही. बाई आली का म्हन्ते, आमी हाव म्हन्तो. मंग भुर्रकन जाते. त्याले आमच्या गावच्या धूय-मातीचीच भीती.”

“आणि बाई आल्यावर कुठं बसतात?”

“बसते कुठं? उकिडवीच राह्यते. खाट टाकली तरी नाही. म्हन्ते, बिमाराची खाट बिमाराचीच. चहा नाही का पानी नाही.”

हे शिकवून येत नाही. आईचं हे वाक्य तिनं घरी किती वेळा ऐकलं होतं. पण माणसं आठवणीतलंही सांगतात, तिनं स्वतःला समजावलं.

“शेवटच्या कधी आल्या?”

“गेल्या मंगळवारी.” चंपतरावांनी कापसावरची नजर उचलली नाही. “आज बी मंगळवारच हाये. भागाबाईच्या घरी जाऊन पाहा. तिच्या सुनेले थो ट्रकवाला रोग हाये, दुसरं कोनी तिथं जात नाही.”

भागाबाईचं घर गावाच्या टोकाला, कपाशीच्या शेताला लागून होतं. तिचा मुलगा नागपूरच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. इचोड्याच्या धाब्यावर आजारी पडला आणि वर्षभरात गेला. मागं राहिली रुख्मिणी. प्रमिलानं अशी घरं बरीच पाहिली होती. दाराशीच एक वास यायचा, आणि खाटेवरच्या माणसाला कोणीतरी काठीनं ताटली सरकवत असायचं.

इथं वास नव्हता. रुख्मिणी हाडांचा सापळा झाली होती, पण केसांना तेल होतं, भांग सरळ पाडलेला होता. नखं कापलेली. पाठीला एक जखम नाही. टाचा एखाद्या लहान मुलाच्या असाव्यात तशा मऊ.

“तुम्ही खूप करता हिचं,” प्रमिला म्हणाली.

“म्या?” भागाबाई चुलीपुढून म्हणाली. “खोटं कायले बोलू ताई, मले भेव लागते. म्या भाकर देतो तिले. बाकी समदं बाई करते.”

रुख्मिणीला खोकल्याची उबळ आली. प्रमिलानं विचारलं, संध्याकाळी ताप येतो का, रात्री घाम सुटतो का. दोन्ही होतं. हा क्षय होता. मोठ्या रोगाला औषध नव्हतं, पण ह्याला होतं. रोज कोणी समोर बसून गोळ्या दिल्या तर ही बाई आणखी दोन-तीन वर्षं काढू शकत होती.

“बाईंनी गोळ्या दिल्या नाहीत?”

“तिची थैली रिकामीच राह्यते आता.”

“आता म्हणजे?”

भागाबाईनं जाळ मागं ओढला.

“तुमी ओळखलं नाही मले. आदिलाबादले म्या आलो होतो, मयताले. तुमच्या बाजूले बसलो होतो.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे?”

“साऱ्या गावाले माहीत हाये ताई,” भागाबाई म्हणाली. “तिलेच कोनी सांगलं नाही.”

बाहेर बैलगाडी गेली. तिची चाकं लांबपर्यंत ऐकू येत राहिली.

प्रमिलानं शांतपणे समजावलं. भेटी होत नाहीत, जागा रिकामी आहे, असं मी कळवलं की नवी नर्स येईल. गोळ्या येतील. खोकला जाईल.

“थे नवी हिले हात लावंन?”

उंबऱ्यावरून गोळ्या फेकणाऱ्या नर्सा प्रमिलानं पाहिल्या होत्या.

“आन तुमी रिकामी लिहाल, तं तिले कळंन,” भागाबाई म्हणाली. “मंग थे कायले येईन?”

इथून उठावं, जीपमध्ये बसावं, हे प्रमिलाला कळत होतं. दहा महिन्यांत आई तिच्या स्वप्नातही आली नव्हती. झोपण्यापूर्वी ती आईचा चेहरा मुद्दाम आठवायची, तरीही नाही. ती दाराशेजारी भिंतीला टेकून बसून राहिली.

ऊन उंबऱ्याच्या आत आलं.

रुख्मिणीनं पदर सावरला. “या बाई,” ती दाराकडे पाहून म्हणाली.

दारात कोणी नव्हतं. घडवंचीवरची वाटी सरकली. मोहाच्या तेलाचा वास सुटला. खाटेच्या पायथ्याशी सारवलेल्या जमिनीवर कोणीतरी गुडघे मोडून बसावं तसा एक बारीक कट्ट आवाज आला. आईचा उजवा गुडघा असाच वाजायचा.

हिला गोळ्या हव्यात, प्रमिला मनाशी म्हणाली. हिला जिवंत माणूस हवं.

“ताई, नका सांगू,” भागाबाई कुजबुजली.

“आई,” प्रमिला म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा स्थिर निघाला. “मी प्रमिला. तू पौषात गेलीस गं. इथली जागा रिकामी आहे. मला तसं लिहावं लागेल.”

काही हललं नाही.

“गेल्या का?” तिनं विचारलं.

“नाही,” रुख्मिणी म्हणाली. “तुमच्याकडं पाहून राह्यल्या.”

“काही म्हणतात?”

रुख्मिणीनं खाटेच्या पायथ्याकडे कान दिला. मग तिनं मान खाली घातली.

“विचारून राह्यल्या, ही बाई कोन म्हून.”

चुलीत एक काटकी मोडली. भागाबाईनं प्रमिलाकडे एकदा पाहिलं, आणि मग खाटेच्या पायथ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, “सरकारची बाई हाये. तपासाले आली. तुमी करा आपलं काम.”

रुख्मिणीनं डोळे मिटले. तिचा पाय घोंगडीवरून सावकाश वीतभर वर उचलला गेला, आणि कोणाच्या तरी मांडीवर ठेवावा तसा तिथंच अधांतरी टेकला.