पंधरावा खळगा

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डेलानं उरलेल्या टर्कीची चार सँडविचं बांधली, थर्मासमध्ये कॉफी भरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज शुक्रवार. परवा शिकारीचा मोसम संपतो, आणि आपल्या दोघांच्या नावावर अजून एक शेपूटसुद्धा नाही."

"विझ्डमच्या खोऱ्यात यंदा कुणाच्याच नावावर नाही."

"लोकांचं मला काय करायचंय? मी सोमवारी चालले."

ते खरं होतं. डेला माझी थोरली बहीण. सदुसष्ट वर्षांची, आणि तिचं कंबरेचं हाड झिजलेलं. दूर दक्षिणेला, टुसॉनच्या उन्हात, तिच्या मुलीनं खोली तयार ठेवली होती. तिथे डिसेंबरात लोक हिरवळीला पाणी घालतात. बाराव्या वर्षापासून डेलानं एल्कच्या शिकारीचा एकच मोसम चुकवला होता, तोही नवव्या महिन्यात होती म्हणून. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आठव्यात असताना गेलीच होती.

मी हार्लन. चौतीस वर्षं काउंटीच्या मोजणी खात्यात होतो. कुंपणं, ओढे, डोंगरांचे उतार मोजले. जे मोजता येतं त्यावर विश्वास ठेवायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. म्हणून जे घडलं ते जसं घडलं तसंच सांगतो.

पाच आठवडे रानात माणसांची नुसती झुंबड होती. जंगलातल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पिकअप, प्रत्येक धारेवर शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. एवढं जनावर लपणार कुठे, असं वाटतं, पण पहिल्या रविवारचे बार ऐकले की कळपच्या कळप नाहीसे होतात. आम्हाला सापडलेले सगळे माग चार-पाच दिवसांचे होते. खुरांच्या कडा गोठून कडक झालेल्या, आत पाइनच्या काड्या पडलेल्या.

आमच्या लहानपणी असं नव्हतं. तेव्हा आठवडा आठवडा राहिलं तरी दोनच परके शिकारी दिसायचे, आणि तेही कॉफीला थांबायचे. बाबांचा कॅनव्हासचा तंबू, पत्र्याची चूल, दोरीवर वाफाळणारे लोकरी मोजे. राळेचा आणि पॅनकेकचा मिळून एक वास असायचा, तो मला अजून कधीतरी झोपेत येतो. आई चोकचेरी या रानफळाच्या जेलीची बाटली उबेला चुलीजवळ ठेवायची. डेला बंदूक पुसायची, मी लाकडं मोजायचो. "हा मोठेपणी हिशेबनीस होणार," बाबा म्हणायचे, आणि आई म्हणायची, "होऊ दे, निदान कोरडा तरी राहील."

शेवटच्या आठवड्यात एक दिवस मात्र बाबा एकटेच जायचे. "आज तुम्ही छावणी सांभाळा," एवढंच सांगून. दुपारी परत यायचे. कधी मांस घेऊन, बहुतेकदा रिकाम्या हातानं, पण नेहमी खुशीत. गाल असे लाल, जणू नुकताच कुणी चांगल्या झोपेतून उठलाय. कोटाच्या एकाच बाजूला फरच्या झाडाच्या काड्या चिकटलेल्या असायच्या. आई त्या हातानं झटकायची. विचारायची काही नाही.

एकटे जायचे ती जागा बाबांनी डेलाला सांगितली ती अकरा वर्षांपूर्वी, हॉस्पिटलात, प्राण जायच्या दोन दिवस आधी. "मला वाटलं गुंगीत बोलतायत," गाडीत बसताना ती म्हणाली. "स्टॉव्ह क्रीकच्या ओढ्याचा दुसरा फाटा, जळालेल्या झाडांतून सरळ वर. पण रस्त्यापासून मैलभरसुद्धा नाही रे. तिथं कोण एल्क राहणार?"

"म्हणूनच राहत असतील. इतक्या जवळ कोण बघतो?"

"बघ, मोजणीदारसुद्धा कधीकधी अक्कल चालवतात."

उताराचं तोंड उत्तरेला. जुन्या वणव्यात जळालेली झाडं एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली, त्यांवर गुडघाभर बर्फ. सातशे पावलांना आम्हाला दोन तास लागले. प्रत्येक ओंडक्यावरून डेला आधी दुखरा पाय उचलून टाकायची, मग शिवी द्यायची, मग दुसरा पाय.

अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की बार ऐकू येत नाहीत. सकाळपासून खोऱ्यात कुठे ना कुठे बार होत होता. आता काही नाही. वारा नव्हता. बर्फावर खारीचासुद्धा माग नव्हता.

"डेला, ऐकलंस?"

"काय?"

"काहीच नाही."

"मग बडबडू नकोस."

मग वास आला. तबेल्यासारखा गोडसर, उबदार, दाट. तो एल्कचा वास मी चांगला ओळखतो, पण एवढा दाट कधी आला नव्हता. पुढे उतार संपला आणि हिरव्या, म्हाताऱ्या फरच्या झाडांखाली एक सपाट टप्पा लागला. आठ-दहा गुंठ्यांचा, जास्त नाही.

तिथे एल्क बसले होते.

मी दोनदा मोजले. चौदा. सगळ्या माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं. जवळची मादी तीस पावलांवर होती. आमचा वास त्यांच्याकडेच जात होता, कारण माझ्या तोंडाची वाफ त्या दिशेनं सरकताना मला दिसत होती. पाच आठवडे गोळ्या चुकवलेलं जनावर अशा वेळी एका उडीत दिसेनासं होतं. या हलल्या नाहीत. रवंथ करत आमच्याकडे बघत राहिल्या.

डेलानं बंदूक खांद्याला लावली. तिच्याकडे मादीचा परवाना होता. मी कान झाकायला हात वर केले.

बार झाला नाही. तिनं नळी खाली घेतली.

"मार ना," मी पुटपुटलो. "यापेक्षा जवळ काय हवं?"

"कुठलीला मारू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "सगळ्या अशा बघतायत, जणू मला यायला उशीर झाला."

तेवढ्यात एकेक करून त्या उठल्या. घाई नाही, धावपळ नाही. अंग झटकून पलीकडच्या झाडांत जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही टप्प्यावर गेलो. एल्क जिथे बसतो तिथे अंगाच्या उबेनं बर्फ वितळून लांबट खळगा पडतो, खालचं गवत दिसतं. मी सवयीनं खळगे मोजले.

पंधरा होते.

पंधरावा मधोमध होता. लांबट नव्हता. एका कुशीवर झोपलेल्या माणसाचा आकार होता. वाकवलेले गुडघे, पोटाशी घेतलेला हात, डोक्याची गोल जागा. बर्फ जमिनीपर्यंत वितळलेला, कडा ओल्या, गवतातून वाफ निघत होती. त्याच्याकडे येणारी बुटांची पावलं नव्हती. जाणारीही नव्हती. भोवती फक्त खूर.

माझ्या मनात बाबा आले, अर्थातच. पण बाबा सहा फूट दोन इंच होते. हा खळगा पाच-साडेपाच फुटांच्या माणसाचा. अशा बाबतीत माझी नजर चुकत नाही.

डेलानं हातमोजा काढून तळवा आत ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली. मग हसली. लहानपणी तंबूत शिरताना हसायची तशी. "हार्लन, म्हणजे बाबा इथं... म्हणून ते कधी गारठून यायचे नाहीत."

"चल, निघू या."

"कंबर फार दुखतेय रे. दोन मिनिटं."

मी हात धरायच्या आत ती खाली बसली आणि कुशीवर झाली. गुडघे गुडघ्यांच्या जागी गेले. डोकं डोक्याच्या जागी. कुठे बोटभरही जागा उरली नाही.

तिनं डोळे मिटले.

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

मी तिला हाका का मारल्या नाहीत, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. एवढंच सांगू शकतो की किती वर्षांत मी तिला वेदनेशिवाय पडलेलं पाहिलं नव्हतं. आणि मला तो चुलीचा वास येत होता. राळ, ओली लोकर, चोकचेरी. आणखी थोडा वेळ तो येत राहावा असं वाटलं.

मग त्या परत आल्या.

एकेक करून, माझ्या दोन्ही बाजूंनी. एकीचे केस माझ्या बाहीला घासले. प्रत्येक जणी आपापल्या खळग्यात बसली.

चौदा अंगं एकदम वर-खाली होत होती. श्वास आत, श्वास बाहेर.

डेलाचंही.

"डेला," मी म्हणालो.

पंधरा डोकी एका क्षणी वळली.

तिचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच होते. त्यांत ओळख नव्हती. रागही नव्हता. फक्त मी किती लांब आहे, याचा अंदाज.

मी तिचा हात धरून ओढला. अंग जड होतं, फार जड. पुन्हा नाव घेतलं, आमच्या आईचं नाव घेतलं, काय काय बोललो. शेवटी तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या आणि म्हणाली, "अरे, ओरडतोस काय? आत्ताच तर टेकले."

घड्याळात पावणेएक झाला होता.

खाली येताना ती ओंडके भराभर ओलांडत होती. एकदाही शिवी दिली नाही. मागून कुणी आलं नाही. गाडीत बसल्यावर तिनं सँडविचचा पुडा उघडला, वास घेतला आणि पुन्हा बांधून ठेवला. भूक नाही म्हणाली. शनिवारी, रविवारी आम्ही बाहेर पडलो नाही. सोमवारी मी तिला ब्यूट शहरात नेऊन बसमध्ये बसवलं.

टुसॉनहून ती दर रविवारी फोन करते. मुलीची तक्रार असते की आई अंगणातच झोपते, बोलते कमी. पण कंबर बरी झाली, डॉक्टरांनाही नवल वाटलं. मी ते चांगलं लक्षण समजलो. त्या टप्प्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

पुढच्या मोसमाला, म्हणजे यंदा, मी परवाना काढला नाही. मोसमाच्या शेवटच्या रविवारी सकाळी दारात लाकडं रचत होतो, तेव्हा शेजारचा मर्ल गाडी थांबवून हाका मारायला लागला. गाडीत मागे ताडपत्रीखाली मारलेली एल्कची एक मादी होती.

"आज सकाळी मिळाली शेवटी!" तो म्हणाला. "कुठे ते विचारू नकोस."

"विचारत नाही."

"उभीच राहिली रे. पळायचं नावच नाही. बघत बसली माझ्याकडे. मला लाजल्यासारखं झालं, खोटं नाही सांगत."

तो गेला आणि बर्फ पडायला लागला. मी आत येऊन बूट काढतोय तोच फोन वाजला. डेला एरवी संध्याकाळी फोन करते.

"कशी आहेस?" मी विचारलं.

नुसता श्वास ऐकू येत होता.

"तेरा राहिल्यात," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो. खिडकीबाहेर बर्फ तिरपा पडत होता.

"हार्लन," ती अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "मला तुझा वास येत नाहीये. तू वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहेस रे?"