पायातला जीवखडा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीवर, राहीबाईवर, हे खरंच ओढवलं. साल १९४५. जागा, तासगावजवळचा एक उजाड माळ.

राहीबाईचा एकुलता एक कृष्णात ब्रह्मदेशच्या लढाईत पडला. देह आलाच नाही, नुसती तार आली. दिरानं, नाथाजीनं, दहा दिवस जीवखड्यावर पाणी घातलं. गेलेल्याचा जीव त्या खड्यात असतो म्हणतात. दहाव्याला तो कृष्णेत सोडला की जीव सुटतो.

त्याच आठवड्यात माळावर लोकवर्गणीच्या कॉलेजची पायाभरणी होती. घरटी एक दगड द्यायचा ठरलं होतं.

कृष्णातला कॉलेज शिकायचं होतं. पोटापायी पलटणीत गेला बिचारा.

"भावजी, खडा माझ्याकडं द्या," राहीबाई म्हणाली. "नदीत काय हाय? लेकरू कालेजात तरी बसंल."

"वैनी, आसं करू नगा. जीव आडकंल त्येचा."

आईच्या हट्टापुढं कुणाचं चाललंय? तिनं स्वतःच्या हातानं खडा पायात ठेवला. वर चुना पडला.

दोन वर्षांनी कॉलेज सुरू झालं. राहीबाई तिथंच झाडलोटीला लागली.

एका संध्याकाळी वर्ग रिकामा झाला. ती झाडत होती. आणि...

"आये..."

भिंतीच्या बुडातून आवाज आला.

"आये, तान लागलीया."

तिनं घागर आणून भिंतीशी ओतली. पाणी जरासुद्धा ओघळलं नाही... घोटाघोटानं आत गेलं.

मग रोजच हाक. रोज घागर.

तिनं गवंडी केरबाचे पाय धरले. "माजा खडा काडून दे रं. नदीत सोडते."

"मावशे, वर दोन मजली इमारत हाय. आता कुटला खडा नि कुटलं काय!"

कॉलेज वाढत गेलं. ओढ्यापलीकडं दुसरी इमारत झाली, मग वसतिगृह. गावाची छाती फुगली.

त्या इमारतींत राहीबाईनं काहीच ठेवलं नव्हतं. तरी पहिल्याच संध्याकाळी... तिथूनही हाक आली.

घागर घेऊन म्हातारी या भिंतीकडून त्या भिंतीकडं पळायची. लोक हसायचे.

१९५९ च्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. नाथाजीचा हात धरून म्हणाली, "भावजी, माजं चुकलं. आता त्येला पानी कोन पाजंल?"

ती हाक तिच्याशिवाय कुणालाच कधी ऐकू आली नव्हती.

ती गेली. कॉलेज अजून वाढतंय. त्या वाटेनं जाताना मी भिंतीला कान लावतो.

काहीच ऐकू येत नाही... आणि तेच मला सहन होत नाही.