बोटांना न कळलेला लगदा

"मी नानांना भेटायला आलोय, ताई. तुझ्याशी माझं काही काम नाही," धाकटा दारातूनच म्हणाला. आठ वर्षांनी भाऊ उंबरठ्यावर उभा होता... केस पिकलेले, खांदे उतरलेले, आणि डोळ्यांत तोच गोठलेला राग. ताई बाजूला झाली.

आत खाटेवर आजारी नाना उशीला टेकून बसले होते. मुलाला निरोप त्यांनीच शेजाऱ्यांकरवी धाडला होता. ताईला त्याचा मागमूसही नव्हता.

नानांनी चाळीस वर्षं कारखान्यात लाकडाचा लगदा शिजवला, आणि ताई त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो तपासत आली. लाकडातलं सेल्युलोज काढून त्याचे जाड पांढरे तक्ते करायचे, मग त्यातून कुठे रेशमासारखा धागा, कुठे औषधाच्या गोळ्यांवरचं आवरण, कुठे चष्म्याच्या फ्रेमा. धाकट्याचं परगावी चष्म्यांचं दुकान होतं. त्या काळी शेअरचे भाव सकाळच्या वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत छापून येत, आणि तो ते भिंग लावून वाची. "नाना, उद्याचं जग या लगद्यावर चालणार, आणि आपण नुसते पगार घेत बसलोय," तो फोनवर म्हणे. त्याला कारखान्याचे शेअर घ्यायचे होते, तेही दुकान गहाण टाकून. अट एकच. "ताईला विचारा. ती हो म्हणाली तर डोळे मिटून घेतो."

नानांनी विचारलं तेव्हा ताईने स्पष्ट सांगितलं होतं, "नको म्हणावं त्याला. रसायन जास्त पडतंय, लगदा आतून तुटतोय. याचा धागा टिकायचा नाही, गिऱ्हाइकं माल परत धाडतील."

नानांनी तक्त्याचा तुकडा मागून घेतला आणि चिमटीत धरून चोळला. उभा जन्म ते लगदा असाच पारखत आले होते. "असला दुधासारखा माल मी कधी पाहिला नाही. तुझ्या काचेच्या नळ्यांना काय कळतंय गं?"

"नाना, रसायन जास्त झालं म्हणूनच तो इतका पांढरा दिसतोय. आतलं तुटणं बोटांना नाही लागत."

ते हसले होते, आणि विषय तिथेच संपला, असं ताईला वाटलं.

वर्षभरात माल परत आला, शेअर मातीमोल झाले, दुकान गेलं. एका दुपारी धाकट्याचा फोन आला. "तू घे म्हणालीस, म्हणून घेतले ना मी?" मागून भावजयीचा आवाज ऐकू येत होता, "नणंदबाईंचा पगार चालू आहे ना, मग झालं तर." ताईने वळून पाहिलं. नाना खुर्चीत खाली मान घालून बसले होते... आणि एका क्षणात तिला सगळं उमगलं. तिने रिसीव्हर घट्ट धरला आणि म्हणाली, "चुकलं माझं."

त्यानंतर तिचा आवाज ऐकला की तो फोन ठेवून देई.

"बस," नाना आता त्याला म्हणत होते. तो खाटेच्या कडेला टेकला. "तुझं दुकान हिने नाही बुडवलं. ही नको म्हणाली होती. मला माझ्या बोटांचा भरवसा होता, पण माझ्या शब्दावर तू घेतले नसतेस. म्हणून मी हिचं नाव पुढे केलं."

धाकटा ताडकन उठला. "पोरीच्या लग्नाला मी हिला बोलावलं नाही, नाना. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात... तेव्हाही तोंड उघडवलं नाही तुम्हाला?"

"त्यांना काही बोलू नकोस," ताई मध्ये आली.

"मग तू का नाही बोललीस?"

"दुकान गेलं होतं तुझं. त्यात बापही गेला असता. बहिणीवर रागावून माणसाला जगता येतं रे."

"आणि तू कशी जगलीस?"

इतकी वर्षं हे कोणी विचारलंच नव्हतं ताईला... तिने पदर डोळ्यांना लावला, आणि आवरून धरलेलं सारं वाहू लागलं.

धाकटा तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "पोरीचं बाळंतपण पुढल्या महिन्यात आहे. लहानपणापासून आत्या आत्या करायची, अजून विचारते तुला. तू जा तिच्याकडे."

"आणि नानांना कोण बघणार?"

धाकट्याने बापाकडे पाहिलं नाही. नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, त्यांचे खांदे हलत होते.

"मी राहीन इथे," तो हळूच म्हणाला. "बोलणं होणार नाही माझ्याने इतक्यात. पण उपाशी नाही ठेवणार."