खैरानचं ओब्रेल

श्रीमंत माणसाच्या लहरीबद्दल मी तक्रार करत नाही, माझं घर त्यावरच चालतं. मी विशाखा, पुण्याची आर्किटेक्ट. लग्नानंतर कुवेतला आले आणि हवल्लीत नवऱ्याबरोबर, नीरजबरोबर, राहते. आमच्या कंपनीने एका गृहस्थाला बाथरूमच्या मधोमध खजुराचं झाड उभं करून दिलं आहे. त्यामुळे बू बद्र हा कुवेती धनिक जेव्हा म्हणाला, की लहानपणी सुट्टीला जायचो ते फ्रान्समधलं गाव मला खैरानला समुद्राकाठी बांधून द्या, तेव्हा मी एवढंच विचारलं, "गाव केवढं आहे?"

"लहान आहे. चर्चसकट हवं. पण क्रूस नको, घंटा नको. नकाशात हॉल लिहा. मी तिथे दिवाणिया भरवीन, मित्रांना बसवीन."

मोजमापं घ्यायला मी त्या गावाला, ओब्रेलला, गेले. नदीने तीन बाजूंनी वेढलेला चुनखडीचा उंचवटा, त्यावर गाव. चौथ्या बाजूला एक पूल, तोच रस्ता. करड्या दगडाची घरं, पाटीच्या दगडाची उतरती छपरं, अंगणात अक्रोडाची झाडं. इतकं सुंदर गाव आणि इतकी खडूस माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. मी गल्लीत शिरले की खिडक्यांच्या लाकडी झडपा एकामागून एक बंद व्हायच्या. बेकरीतल्या बाईने माझ्या हातात पाव न देता तो फळीवर ठेवला. पुण्यात वाढलेल्या माणसाला दुकानदाराच्या तुसडेपणाचं काही वाटू नये, पण मला वाटलं.

बोलायची ती फक्त चर्चची देखभाल करणारी म्हातारी, मादाम ओडिल. मोडकंतोडकं इंग्रजी यायचं तिला. चर्च बाराव्या शतकातलं. भिंती हातभर नव्हे, पुरुषभर जाड. भर उन्हाळ्यात आत ओल्या दगडाचा गारवा. वेदीमागे कोनाडा होता, रिकामा.

"इथल्या संताची मूर्ती कुठे गेली?"

"तो गावात असतो," ओडिल म्हणाली. "इथे कशाला बसेल?"

उत्तरेच्या भिंतीत लाकडी खुंट्या होत्या, दर घराची एक. काहींवर जुन्या टोप्या टांगलेल्या. प्लेगच्या साथीत गावाने पूल अडवला, कुणाला आत येऊ दिलं नाही आणि बाहेरही जाऊ दिलं नाही. दोन्ही महायुद्धांत मात्र पोरांना जावंच लागलं. फ्रान्समधल्या खेड्याखेड्यांत युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड असतो, इथे तो दिसत नव्हता. मी तसं म्हटलं.

"आमचे सगळे परत आले," ती म्हणाली आणि खुंट्यांकडे बोट दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

निघायच्या दिवशी ती शेजारच्या शहरातल्या माझ्या हॉटेलपर्यंत आली. काचेचं दार उघडंच होतं, तरी बाहेर थांबून राहिली. मी 'या' म्हटलं तेव्हा तिने पाऊल टाकलं. ओब्रेलबाहेरचं प्रत्येक घर त्यांना परकं, बोलावल्याशिवाय शिरायचं नाही. शिष्टाचार म्हणून मला तो आवडला होता.

खैरानला काम सुरू झालं. एका अंगाला खारं पाणी, बाकी तिन्ही बाजूंना वाळू. सुतारकामाला तुकाराम होता, मालवणजवळचा. उभा जन्म आखातात एकट्याने काढलेला, आणि हे त्याचं शेवटचं काम. डोक्यावर कायम गावच्या कबड्डी मंडळाची निळी टोपी. त्याची बायको रत्नमाला एकदा त्याच्या फोनवर माझ्याशी बोलली.

"मॅडम, ह्या खेपेक तेंका कायमचे धाडा हां. थयसर आणखी काम काडू नकात."

"पाठवते. माझा शब्द," मी म्हटलं. माणसाने निवांत आपल्या पडवीत बसावं, असं मला मनापासून वाटत होतं.

कोकणातले सगळे सुतार-गवंडी त्या हॉलला काय म्हणावं या घोळात पडले होते. चर्च म्हणायची चोरी, आणि हॉलला एवढ्या जाड भिंती कशाला? मी वैतागून म्हटलं, "अहो, तुमच्याकडे ग्रामदेवतेचं देऊळ असतं ना, तसं समजा. गाव त्याचं, माणसं त्याची." समजावण्यापुरतं बोलले होते. त्यांनी ते खरं धरलं. त्या दिवसापासून हॉलचं देऊळ झालं.

छपराचं आढं चढवायच्या दिवशी सकाळी तुकारामने जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, नारळ आणला. गाऱ्हाणं घातल्याशिवाय देवळावर आढं चढत नाही म्हणाला. फोरमन मुबीन महाडचा, तो हसून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. तुकाराम रिकाम्या कोनाड्यासमोर हात जोडून उभा राहिला, बाकीचे मागे.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ही तुझी वेस, ह्यां तुझां देऊळ. आमका तुझी लेकरां मान म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो कोण कामाच्या आड येतलो, तेका बाजूक कर! आणि आमचो हात धरून ठेव, सोडू नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी मीही म्हटलं. गंमत वाटली म्हणून, आणि जरा मोठ्यानेच. आवाज भिंतींवरून परत आला तो आम्ही थांबल्यावरही थोडा चालू राहिला. नवीन बांधकाम, आत सामान नाही, आवाज घुमणारच.

त्यानंतर काम असं पळालं की मला संशय यायला हवा होता. दारं एका फटक्यात चौकटीत बसायची. पाटीच्या दगडाचा एकही तुकडा फुटला नाही. बाहेर डोकं उठवणारा उन्हाळा, आणि देवळात गारवा. एसी अजून बसला नव्हता. ओल्या दगडाचा वास येत होता, आणि अक्रोडाच्या पानांचा. आम्ही लावली होती ती बोरीची झाडं.

मुबीनचं मात्र काही धड होईना. वारा नसताना झडप त्याच्या तोंडावर आपटली, भुवई फाटली. मग परात वरून पडली, खांद्याला चाटून गेली. तो गल्लीत आला की झडपा बंद व्हायच्या. मी स्वतः पाहिलं, एकामागून एक. बिजागऱ्या तपासल्या, एकही सैल नव्हती.

"मॅडम, या गावाला मी नको आहे," तो म्हणाला.

"हे गाव नाही, मुबीन. सिमेंट आहे."

"मग सिमेंटला मी नको आहे असं समजा." रिग्गईच्या आपल्या खोलीवर गेला तो पुन्हा आला नाही. मला त्याचा राग आला होता. आता हेवा वाटतो.

काम संपलं. तुकारामचा व्हिसा रद्द झाला, तिकीट आलं. शब्द दिला होता म्हणून त्याला विमानतळावर सोडायला मी स्वतः गाडी काढली. फाटकातून बाहेर पडताना त्याने सीटची कड घट्ट पकडली.

"काय झालं?"

"काय नाय. कोणीतरी हात धरल्यासारखा वाटला."

दुपार होती. धूळ उठलेली, रस्त्यावर पिवळा उजेड. तुकाराम दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होता. विमानतळावर मी त्याची ट्रॉली आत जाईपर्यंत थांबले. निळी टोपी गर्दीत दिसेनाशी झाली. सुटलो बाबा एकदाचे, असं मी मोठ्याने म्हटलं.

त्याच आठवड्यात रत्नमालाचा फोन आला.

"मॅडम, हे इले. पण घरात येनत नाय."

"म्हणजे?"

"उंबऱ्याभायर उभे हत. म्हणतत, बोलवल्याबिगर दुसऱ्याच्या घरात कसो येव? मिया म्हटलंय, अहो घर तुमचां. तर माझ्याकडे असे बघतत, जसा काय माका वळखनतच नाय." ती रडत नव्हती, कुजबुजत होती. तो ऐकेल अशी भीती तिला होती. "टोपी खय टाकली इचारलंय, तर म्हणतत, गावात असा."

"त्यांना आत बोलवा," मी घाईने म्हटलं. "नुसतं 'या' म्हणा, रत्नमालाताई. आत्ताच म्हणा."

फोन तसाच ठेवून ती गेली. दार वाजलं. तिची हाक ऐकू आली, एकदा, मग पुन्हा. मग बराच वेळ नुसते कावळे.

"मॅडम, हे खय गेले? पायातल्या वाना हय असत. माणूस खय गेलो?"

मी गाडी काढली आणि खैरान गाठलं. बू बद्र अजून राहायला आला नव्हता. पहारेकऱ्याने फाटक उघडलं, तो स्वतः मात्र आत आला नाही.

देवळात गारवा होता.

उत्तरेच्या भिंतीवर तुकारामने बसवलेल्या खुंट्या होत्या. पहिलीवर निळी टोपी.

मी हात लावला. आतली पट्टी घामाने ओली होती.

"तुकाराम?"

टोपीच्या शेजारी नवी खुंटी होती. नकाशात ती नव्हती. बाकीच्यांपेक्षा खाली, माझ्या हाताला सहज येईल अशी. खाली फरशीवर लाकडाची ताजी साल.

मी पळत बाहेर आले.

गल्लीत झडपा बंद होत्या. मी पहिल्या घरासमोरून गेले आणि तिथली झडप उघडली. मग पुढची. मी फाटकापर्यंत पोचेस्तोवर झडपा माझ्यासाठी उघडत होत्या, एकामागून एक, अगदी हळू. ओब्रेलच्या गल्लीत फिरताना मला हेच हवं होतं.

हवल्लीपर्यंत गाडी कशी चालवली आठवत नाही. वाटेत रत्नमालाचा फोन वाजत होता. मी उचलला नाही. तिला काय सांगणार होते?

घरी पोचले तेव्हा जिन्यात शेजाऱ्यांच्या फोडणीचा वास होता. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

नीरजने दार उघडलं. "बेल कशाला वाजवलीस? किल्ली विसरलीस का?"

किल्ली माझ्या हातातच होती.

"अगं, अशी काय बघतेस?" तो बाजूला सरकला. आत आमचा सोफा होता, आमचे पडदे, भिंतीवर लग्नातला फोटो. फोटोतली बाई ओळखीची वाटत होती.

पाय उंबऱ्यापाशी अडला होता.

"माफ करा," मी म्हटलं. "आत येऊ का?"